बारा तासांची विश्रांती

दत्ताराम : थांबा डॉक्टर. सही दोन सेकंदांची असते, वाचायला वेळ लागतो. माझा चष्मा कुठे गेला?

इशिता : डोक्यावर आहे, बाबा.

कौस्तुभ : काका, फॉर्मॅलिटी आहे हो. उद्या सकाळी नऊला हा खुलासा वर जायला हवा. म्हणून तर रविवारचा भाईंदरपर्यंत आलो. टाइपसुद्धा मीच करून आणलाय, इशिताला तेवढाच त्रास नको.

दत्ताराम : तुम्ही तिचे सीनियर, घरी आलात, बरं वाटलं. चहा गार होतोय, घ्या. पण ज्या कागदावर "मी, डॉक्टर इशिता दत्ताराम परुळेकर" असं लिहिलंय, तो कागद त्या परुळेकरणीच्या आधी टाइपिस्टने वाचलाय. हे मला पटलेलं नाही. मोठ्याने वाचतो. इशू, चुकलं तिथे बोल. "मी मेडिसिन विभागात प्रथम वर्षाची निवासी डॉक्टर आहे."

इशिता : हो.

दत्ताराम : "एक. मंगळवार, दिनांक तेरा रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास मी खाट क्रमांक चौदा व पंधरा येथील रुग्णांचे रक्तनमुने घेतले व त्यांवरील नावांच्या पट्ट्या अनवधानाने उलटसुलट लावल्या."

इशिता : हो.

दत्ताराम : नुसतं हो नको. सकाळी दारात आलीस तेव्हा म्हणालीस, रक्ताची काहीतरी गडबड झाली, आणि बूट न काढता सोफ्यावर आडवी झालीस. आता नीट सांग.

इशिता : दोन बायका, शेजारच्या खाटांवर. दोघींना रक्त चढवायचं होतं. त्याआधी ब्लड बँकेत नमुना पाठवायचा असतो, कुठलं जुळतं ते बघायला. खाटेजवळ उभं राहूनच बाटलीवर नाव लावायचं, असा नियम आहे. मी दोघींचं रक्त काढलं, तेवढ्यात सतरा नंबरच्या मुलीला फिट आली. बाटल्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि धावले. ते आटोपून टेबलाशी आले, पट्ट्या लावल्या. कुठली बाटली कुणाची ते मला माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं वाटलं.

दत्ताराम : मग?

इशिता : पंधरा नंबरच्या बाईला आलेलं रक्त तिला चाललं, तिचं नशीब. चौदा नंबरच्या इंदुबाईंना भलत्याच गटाचं रक्त लागलं. दहा मिनिटांत थंडी भरली, कंबर धरून तळमळायला लागल्या. मीच जाऊन नळी बंद केली. तोवर पन्नास एमएल गेलं होतं. किडन्या बसल्या. चार वेळा डायलिसिस झालं.

कौस्तुभ : आज सकाळी सहाशे एमएल लघवी झालीय. मी बघूनच निघालो. वाचतील त्या.

दत्ताराम : त्यांच्या घरच्यांना माहीत आहे?

कौस्तुभ : मुलगा आहे, बाळा म्हणून. रक्ताची रिअ‍ॅक्शन आली, असं सांगितलंय. ते खोटं नाहीये, काका.

दत्ताराम : खोटं आहे असं मी कुठे म्हटलं? कुठल्या त्या इंदुबाई?

इशिता : उत्तनच्या. बोंबील सुकवतात. मी भाईंदरची म्हटल्यावर म्हणाल्या, मंग तू आमचीच. मी सुई टोचत होते, तर हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाय, तू झोपली न्हायस." अख्ख्या इस्पितळात तेवढं एकीलाच दिसलं.

दत्ताराम : म्हणजे तू झोपली नव्हतीस?

इशिता :

दत्ताराम : इशू?

इशिता :

कौस्तुभ : झोपली, काका.

दत्ताराम : बसल्या बसल्या? आत्ता बोलत होती.

कौस्तुभ : होतं असं. मी एकदा राउंडमध्ये उभ्याने झोपलो होतो, भिंतीला पाठ लावून, हातात एक्स-रे. सरांनी त्यातलं काहीतरी विचारलं, मी उत्तरही दिलं. बरोबर होतं म्हणे. मला आजही माहीत नाही, काय बोललो ते.

दत्ताराम : आणि हे बघा, वरच्या मजल्यावर लादी कापायला आत्ताच मुहूर्त मिळाला. थांबा, खिडकीतून सांगतो. पटेलभाई, ओ पटेलभाई. जरा आदमी को बोलो ना, एक घंटा मशीन बंद रखने को. हां, बेटी आयी है. हां, वही, डॉक्टर. हां हां, छत्तीस घंटेवाली. थँक्यू, पटेलभाई.

कौस्तुभ : तिला उठवूया का? मला सहाला परत ड्यूटीवर उभं राहायचंय.

दत्ताराम : झोपू दे. मी हळू वाचतो. "दोन. सदर घटनेपूर्वी मला नियमाप्रमाणे सलग बारा तासांची विश्रांती मिळालेली होती. कामाचा ताण हे सदर चुकीचे कारण नसून ती केवळ माझ्या निष्काळजीपणामुळे घडली आहे." डॉक्टर, हे काय आहे?

कौस्तुभ : ते लिहावं लागतं.

दत्ताराम : सोमवारी ती किती वाजता कामावर लागली?

कौस्तुभ : आठला. सोमवारी आमच्या युनिटची इमर्जन्सी असते. चोवीस तासांत दारातून जे येईल ते आमचं. मग मंगळवारी सकाळी सगळ्यांचा राउंड, आणि राउंडमध्ये निघालेली कामं.

दत्ताराम : सोमवार सकाळ आठ ते मंगळवार संध्याकाळ पाच. तेहतीस. मधे?

कौस्तुभ : मधे काय?

दत्ताराम : मधे घरी, हॉस्टेलवर, बाकावर, कुठेतरी टेकली?

कौस्तुभ : त्या दिवशी एकेचाळीस अ‍ॅडमिशन होत्या, काका. टेकतो कोण?

दत्ताराम : मग ही बारा तासांची विश्रांती कोणी घेतली?

कौस्तुभ : बघा, गेल्या वर्षी आम्ही संप केला. तेव्हा वरून लेखी आलं, निवासी डॉक्टरला सलग बारा तासांवर काम द्यायचं नाही, आठवड्याला एक सुट्टी, आणि प्रत्येक युनिटने तासांचं रजिस्टर ठेवायचं. आम्ही पेढे वाटले. पण माणसं तेवढीच, खाटा तेवढ्याच, आणि जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. बारा तासांनी मी घरी गेलो तर पुढचे बारा तास वॉर्डात कोण? त्याचं कोणी लिहून दिलं नाही. मग एवढंच झालं, की रजिस्टर सुरू झालं. दर सोमवारी वर जातं. त्यात सगळ्यांना विश्रांती मिळते.

दत्ताराम : मी एकोणतीस वर्षं बसच्या डेपोत टाइमकीपर होतो. कोणाची गाडी किती वाजता सुटली, कोण किती तास स्टिअरिंगवर होता, हेच माझं काम. आमच्याकडे हरिश्चंद्र म्हणून ड्रायव्हर होता. गणपतीचे दिवस, माणसं कमी, त्याने डबल ड्यूटी मारली होती आणि साहेब म्हणाले, तिसरी दे. हरिश्चंद्र स्वतः तयार. मी म्हटलं, साहेब, गाडी रिकामी उभी राहिली तरी चालेल, याच्या हातात साठ माणसं देणार नाही. लेखी मागितलं. त्यांनी दिलं नाही, आणि महिनाभरात मला दुसऱ्या डेपोत फेकलं. जा म्हटलं. पण त्या दिवशी हरिश्चंद्र घरी जाऊन झोपला. बस चालवणाऱ्याला एवढा कायदा आहे, डॉक्टर. आणि शिरेत सुई घालणाऱ्याला नाही?

कौस्तुभ : आहे की. रजिस्टरमध्ये आहे.

दत्ताराम : मग चौकशीत ते रजिस्टरच मागवा. खरा मस्टर घाणेरडा असतो. आठ पाच, आठ सतरा, खाडाखोड, चहाचा डाग, तीन रंगांची शाई. खोटा मस्टर स्वच्छ असतो, आठ ते आठ, आठ ते आठ, एका बैठकीत उतरवलेला. मी दुरून ओळखीन. ज्याने कोणी तो भरलाय ना, त्याला उभा करा समोर. माझ्या मुलीच्या झोपेवर खोट्या सह्या करणारा कोण, ते मला एकदा बघू द्या.

कौस्तुभ : काका, तो विषय राहू द्या.

दत्ताराम : का राहू द्या? तुम्ही भरता?

इशिता : मी भरते, बाबा.

दत्ताराम : तू जागी आहेस?

इशिता : मी भरते. फर्स्ट इयरचं काम असतं ते. दर शनिवारी दुपारी आठ जणांचे सात दिवस लिहून काढायचे. जूनमध्ये जॉइन झाले तेव्हा बॉसनी, म्हणजे आमच्या युनिटच्या प्रमुखांनी विचारलं, अक्षर कुणाचं चांगलं आहे? मी हात वर केला.

दत्ताराम : तू खोटा मस्टर लिहिलास.

इशिता : नऊ महिने.

दत्ताराम : माझ्या घरात राहून. मी तुला पाटीवर आकडे गिरवायला शिकवले, ते यासाठी? एकदा तरी मला विचारायचंस. एक मिनिट जरी इकडचं तिकडे लिहिलं, तर ती चोरी असते, हे या घरात दहा हजार वेळा बोलून झालंय.

इशिता : विचारायला मी घरी कधी होते?

दत्ताराम : फोन होता.

इशिता : दिवाळीला आले होते ना मी. ताटावर बसले आणि भातात डोकं ठेवून झोपले. आठवतं? आई घाबरली. तुम्ही तिला म्हणालात, कॅमेरा आण. तो फोटो तुम्ही मोरव्याला मावशीकडे नेऊन दाखवलात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंत, आमची इशिता छत्तीस तास पायावर असते. वरच्या पटेलकाकांनाही छत्तीसचा आकडा पाठ आहे. वॉचमन मला गेटवर सलाम करतो त्या छत्तीसपायी. हरिश्चंद्रकाकांना तुम्ही घरी पाठवलंत, बाबा. माझा फोटो काढलात.

कौस्तुभ : इशिता, काकांना कशाला. सगळ्यांच्याच घरी असं असतं.

इशिता : तेच म्हणतेय मी, सर. सगळ्यांच्याच घरी. कोणालाच हे चुकीचं वाटत नाही. बॉस म्हणतात, आम्ही बहात्तर तास उभे राहिलो म्हणून डॉक्टर झालो. तुम्ही म्हणता, आमच्या वेळी तर रजिस्टरच नव्हतं. जूनमध्ये नवीन पोरं येतील, त्यांना मी काय म्हणणार? आमच्या वेळी आम्ही तर एक इंदुबाई मरणाच्या दारात नेली होती?

कौस्तुभ : त्या मेल्या नाहीत. उगाच वाढवू नकोस.

इशिता : मंगळवारी रात्री बॉस सगळ्या वॉर्डासमोर मला निष्काळजी म्हणाले. सिस्टर, वॉर्डबॉय मामा, पेशंटचे नातेवाईक, सगळे ऐकत होते. मी खाली मान घालून उभी होते, कारण चूक माझीच होती. पण बुधवारी सकाळी त्याच निष्काळजी बाईच्या हातात वीस पेशंट दिले. गुरुवारी परत रात्रपाळी. काल परत. कोणी विचारलं नाही, की ही एवढी बेजबाबदार असेल तर हिला वॉर्डात ठेवलंय कशाला? कारण सगळ्यांना माहीत आहे, मी निष्काळजी नव्हते. मी फक्त जागी होते.

दत्ताराम : कागद इकडे दे.

कौस्तुभ : फाडू नका, काका. दुसरी कॉपी नाहीये.

दत्ताराम : फाडत नाही. कागद फाडायची सवय नाही मला. डॉक्टर, मला सरळ सांगा. हिने सही केली तर काय होईल?

कौस्तुभ : एक मेमो मिळेल. फाइलला लागेल. सहा महिन्यांत कोणाला आठवणार नाही.

दत्ताराम : आणि नाही केली तर?

कौस्तुभ : तर रजिस्टर निघेल. त्यातलं अक्षर तिचं. म्हणतील, हिनेच खोट्या नोंदी केल्या, आम्हाला काय माहीत. बॉसनी तोंडी सांगितलं होतं, त्याचा पुरावा काय? टर्म रद्द करू शकतात. म्हणजे तीन वर्षं गेली. बारावीपासूनचं सगळं गेलं म्हणा. तिच्या थिसिसवर त्यांचीच सही लागते. आणि खोटं कशाला बोलू, माझी परीक्षा मे महिन्यात आहे, माझे परीक्षकही तेच ठरवतात. मी तिच्यासाठी आलोय आणि माझ्यासाठीही आलोय.

दत्ताराम : हे बरं बोललात. आल्यापासूनचं पहिलं वाक्य, जे टाइप करून आणलेलं नव्हतं.

कौस्तुभ : मी वाईट माणूस नाहीये, काका.

दत्ताराम : मी कुठे म्हटलं? इशू, एक विचारतो. रजिस्टर सोडून तुझी सही अजून कुठे पडते?

इशिता : केसपेपरवर. पेशंटला बघितलं की काय केलं ते लिहायचं. खाली तारीख, वेळ, सही.

दत्ताराम : वेळ घड्याळात बघून लिहितेस?

इशिता : तिथे बघूनच लिहावी लागते. बीपी तीनला किती होता, साडेतीनला किती, त्यावर औषध ठरतं.

दत्ताराम : म्हणजे सोमवारच्या रात्री, ज्या वेळात रजिस्टरप्रमाणे तू झोपली होतीस...

इशिता : त्या वेळात माझ्या साठ-सत्तर नोंदी असतील. बाराच्या, दोनच्या, पहाटे चारच्या. नऊ महिन्यांच्या सगळ्या खाली रेकॉर्ड रूममध्ये आहेत.

कौस्तुभ : ते काढू नकोस, इशिता. प्लीज. त्या पेपरांवर माझंही अक्षर आहे. सगळ्यांचं आहे.

दत्ताराम : म्हणजे तुम्हाला हे आधीच माहीत होतं.

कौस्तुभ : हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे. बघायचं नाही, एवढंच ठरलंय.

दत्ताराम : इशू, मी सही कर म्हणणार नाही. करू नको असंही म्हणणार नाही. तसं म्हणायचा हक्क मी त्या फोटोच्या दिवशी घालवला. तीन वर्षं जायची आहेत ती तुझी, माझी नाहीत. मला पेन्शन आहे.

इशिता : मी यावर सही केली, तर मंगळवारी काय घडलं? एक मुलगी निष्काळजी होती. बस. मुलीला मेमो द्या. आणि उद्या सोमवार, आठला परत इमर्जन्सी, आणि मंगळवारी पाचला परत कोणीतरी दोन बाटल्या खिशात टाकणार. यावर सही करणं म्हणजे त्याचीही सही आधीच करून ठेवणं. हे दुसरं कलम ज्यांनी लिहायला सांगितलं ना, सर, त्यांना इंदुबाईंचं काही पडलेलं नाही. त्यांना रजिस्टर वाचवायचंय. बाबा, मला कोरा कागद द्या.

दत्ताराम : रेघांचा की बिनरेघांचा?

इशिता : कुठलाही.

कौस्तुभ : तू विचार कर. मी पाच मिनिटं थांबतो. फक्त पाच मिनिटं. तोवर जरा डोळे...

(इशिता टेबलाशी लिहितेय. कौस्तुभ खुर्चीत बसल्या बसल्या झोपलाय, हातातला कप तिरका झालाय. दत्ताराम तो कप काढून घेतात आणि पंखा वाढवतात.)

दत्ताराम : हाही गेला. किती तासांचा असेल?

इशिता : काल सकाळी आठपासून. पण काल सकाळी आठच्या आधी झोपले होते का, ते माहीत नाही.

दत्ताराम : आईशप्पथ, आमच्या डेपोत असता तर याच्या हातात सायकलसुद्धा दिली नसती. याच्या आईवडिलांनी पण फोटो काढले असतील.

इशिता : बाबा, झालं. ऐका. "मी सोमवारी सकाळी आठला वॉर्डात आले आणि मंगळवारी रात्री साडेअकराला बाहेर पडले. मधे झोपले नाही. इंदुबाईंचा नमुना घेतला तो तेहतिसावा तास होता. पट्ट्या मीच चुकीच्या लावल्या. नाव खाटेजवळच लावायचं असतं, हे मला माहीत होतं. रजिस्टरमधली माझी विश्रांती खोटी आहे. ती मीच लिहिली, दर शनिवारी लिहिते, युनिटमध्ये तशीच पद्धत आहे. केसपेपरवरच्या वेळा खऱ्या आहेत, त्या तपासाव्यात. इंदुबाई आणि त्यांचा मुलगा बाळा यांना चुकीचं रक्त गेल्याचं कोणीही सांगितलेलं नाही. ते मी उद्या सकाळी सांगणार आहे."

दत्ताराम : "सदर" कुठेच नाही.

इशिता : नाही.

दत्ताराम : सरकारी कागदाला एखादं "सदर" लागतं. त्याशिवाय त्यांना समजत नाही.

इशिता : समजेल.

दत्ताराम : बाळा तुला मारेल.

इशिता : मारू दे.

दत्ताराम : मी येतो बरोबर. मार खायला नाही, तसाच. बाहेर बाकावर बसेन. आई मोरव्याहून आली की तिला मी सांगतो, तू काही बोलू नकोस.

इशिता : सर, उठा. सर. चार वाजून गेले.

कौस्तुभ : बीपी किती आहे?

इशिता : सर, तुम्ही आमच्या घरी आहात. भाईंदरला.

कौस्तुभ : अरे. हो. सॉरी, काका. किती वेळ गेलो होतो?

दत्ताराम : पन्नास मिनिटं. हिने लिहिलंय ते वाचा.

कौस्तुभ : हे... हे मी नेणार नाही, इशिता. बॉसच्या हातात हे मी देऊ शकत नाही.

इशिता : तुम्ही नेऊच नका. उद्या नऊला मी स्वतः नेऊन देते. तुमचा टाइप केलेला कागद परत घेऊन जा.

कौस्तुभ : माझं नाव घातलंयस यात?

इशिता : नाही. रजिस्टरमध्ये आठ नावं आहेत, मी फक्त माझे तास लिहिलेत. तुमचे तुम्ही लिहायचे. कागद आहे, पेन आहे.

कौस्तुभ : ते म्हणतील, एकटीच बोलतेय, बाकी सातजण गप्प का?

इशिता : म्हणूनच सांगतेय. लिहा.

कौस्तुभ : लिहिले असते गं. परीक्षा गेली खड्ड्यात, खरंच लिहिले असते.

दत्ताराम : मग बसा. निघायला अजून दहा मिनिटं आहेत.

कौस्तुभ : काका, पण कुठले तास लिहू? गेल्या अडीच वर्षांतला कुठलाही एक दिवस घ्या. तो कधी सुरू झाला आणि कधी संपला, ते मला सांगता येणार नाही.